ब्रोकर निवडायचाय? आधी विचारा, तो तुमच्याकडून कमावतो कसा

माझं पहिलं ट्रेडिंग खातं ओळखीतून उघडलं. भावाच्या मित्राचा मेव्हणा एका ब्रोकर कंपनीचं काम बघायचा. बाजारपेठेत माडीवर ऑफिस, दोन कॉम्प्युटर, एक पंखा, खाली चहाची टपरी. त्याने फॉर्मवर पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या आणि मी फुली दिसेल तिथे सही केली. चाळीसएक सह्या असतील. कशावर करतोय हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दीड वर्षाने वहीत हिशेब मांडला तेव्हा दिसलं की शेअर्सच्या खरेदी-विक्रीत मला साधारण एकोणीस हजार सुटले होते आणि त्यातले चौदा हजार दलाली व बाकीच्या आकारांत गेले होते. त्याने मला फसवलं होतं असं मी म्हणणार नाही. तो दर आठवड्याला फोन करून “हे विका, ते घ्या” एवढंच सांगायचा आणि मी हो म्हणायचो. प्रत्येक ‘हो’मागे त्याला पैसे मिळत होते, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

पहिल्यांदाच खातं उघडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कोणता ब्रोकर ‘बेस्ट’ ते यात सापडणार नाही. स्वतःसाठी कोणता बरा, हे तासाभरात ठरवता येईल एवढं सापडेल.

ब्रोकर म्हणजे बाजारातला अडत्या

लासलगावला कांदा नेणाऱ्याला ब्रोकर समजावून सांगावा लागत नाही. बाजार समितीत अडत्या असतो, त्याच्यामार्फत माल हलतो, आणि भाव चढो की पडो, माल हलला की अडत सुटते. शेअर बाजारातही तसंच. तुम्ही-आम्ही थेट एक्स्चेंजवर जाऊन शेअर घेऊ शकत नाही. तिथे सौदा करण्याचा हक्क फक्त सभासदाला, आणि तो सभासद म्हणजे ब्रोकर. मुंबईच्या टाउन हॉलसमोर वडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना केली, तिचाच पुढे बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार, झाला. आता झाडाच्या जागी मोबाइल आला आहे, पण धंदा तोच.

नवख्या माणसाचा इथे एक मोठा गोंधळ होतो. त्याला वाटतं, आपले शेअर ब्रोकरकडे आहेत. तसं नसतं, निदान नसायला हवं. शेअर असतात डिपॉझिटरीत, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद सांभाळणाऱ्या संस्थेत. आपल्याकडे डिपॉझिटऱ्या दोनच: १९९६ मध्ये सुरू झालेली एनएसडीएल आणि १९९९ मधली सीडीएसएल. तुमचं डीमॅट खातं त्यांच्या वहीत असतं. ब्रोकर हा त्यांचा स्थानिक प्रतिनिधी (डीपी), बँकेच्या शाखेसारखा. सौद्याचे पैसे आणि शेअर यांची देवाणघेवाण क्लिअरिंग कॉर्पोरेशन करते. या सगळ्यांवर देखरेख सेबीची, जिला कायद्याने अधिकार मिळाले १९९२ मध्ये, हर्षद मेहता प्रकरणाच्याच वर्षी.

म्हणजे ब्रोकर हा दरवाजा आहे, तिजोरी नव्हे. दरवाजा कितीही चकचकीत असला तरी आपला ऐवज पलीकडे नीट पोहोचतोय का, हे बघायचं.

पहिली पायरी: आपण किती वेळा सौदे करणार?

ब्रोकरच्या वेबसाइटवर जायच्या आधी कागदावर एक आकडा लिहा. वर्षात आपण किती वेळा खरेदी-विक्री करणार? खरं उत्तर लिहा, हौसेचं नको.

बहुतेक नोकरदारांचं उत्तर दहा ते तीसच्या आत येतं. महिन्याला एक-दोन शेअर, एखादा आयपीओ, जोडीला म्युच्युअल फंड. अशा माणसाला चार्टवरचे शंभर इंडिकेटर लागत नाहीत की सेकंदाच्या शंभराव्या भागात जाणारी ऑर्डर लागत नाही. त्याला लागतं कमी वार्षिक शुल्क, साधं ॲप आणि अडचण आली तर फोन उचलणारा माणूस.

दुसरे, रोज सौदे करणार म्हणणारे. त्यांना दोन आकडे सांगतो आणि पुढे जातो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (एफ अँड ओ, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. नुसतं इंट्राडे, म्हणजे घेतलेलं त्याच दिवशी विकून मोकळं होणं, करणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. सेबीच्याच दुसऱ्या अभ्यासात २०२२-२३ या वर्षी दहातले सात जण तोट्यात होते. खातं उघडताना ॲप विचारतं, ‘एफ अँड ओ सुरू करायचं का?’ पहिलं वर्षभर तरी ‘नाही’ म्हणा. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात, तो शोधण्याचा त्रासही वाचेल.

दुसरी पायरी: तो कमावतो कशातून?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

आपल्याकडे ढोबळमानाने दोन जातींचे ब्रोकर आहेत. एक पूर्ण सेवा देणारे. यात बँकांच्या पोटातले आले, आयसीआयसीआय, एचडीएफसी, कोटक असे; आणि मोतीलाल ओसवालसारखे स्वतंत्रही. यांच्याकडे शाखा असते, सल्ला असतो, तुमच्या नावाने नेमलेला एखादा रिलेशनशिप मॅनेजर असतो. दलाली बहुधा सौद्याच्या रकमेवर टक्क्यांनी. दुसरे डिस्काउंट ब्रोकर. झिरोधाने २०१० मध्ये बंगळुरूहून ठरावीक दलालीची पद्धत रुजवली, पुढे ग्रो, अपस्टॉक्स वगैरे आले. यांची दलाली प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक, बऱ्याचदा वीस रुपयांपर्यंत. काहींची डिलिव्हरीवर, म्हणजे शेअर घेऊन डीमॅटमध्ये ठेवण्यावर, शून्य. नावं ओळखीसाठी घेतली आहेत, कुणाची शिफारस म्हणून नव्हे. मधल्या काळात दोघांनीही एकमेकांचं बरंच उचललं आहे, त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा दरपत्रक वाचा.

दरपत्रक वाचण्याआधी एक हिशेब. समजा तुम्ही ५०,००० रुपयांचे शेअर डिलिव्हरीत घेतले आणि काही महिन्यांनी तेवढ्यालाच विकले. एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहार कर, दोन्ही वेळा ०.१ टक्का: पन्नास अधिक पन्नास. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का, साडेसात रुपये. एक्स्चेंजचा आकार दोन्ही मिळून तीनेक रुपये, सेबीचं शुल्क काही पैसे, आणि या आकारांवर जीएसटी. एकूण साधारण १११ रुपये. हे कोणत्याही ब्रोकरकडे द्यावेच लागतात, त्यात सवलत नाही. विकताना शेअर डीमॅटमधून बाहेर जातात म्हणून डीपी चार्ज, बहुतेक ठिकाणी पंधरा ते पंचवीस रुपयांच्या आसपास.

आता दलाली. शून्यवाल्याकडे शून्य. वीस रुपयेवाल्याकडे दोन ऑर्डरचे चाळीस आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७ रुपये २० पैसे. अर्धा टक्का घेणाऱ्याकडे अडीचशे अधिक अडीचशे अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. फरक डोळ्यांत भरतो.

पण हाच हिशेब दोन हजारांच्या खरेदीला लावून बघा. वीस रुपये म्हणजे एक टक्का झाला! अर्धा टक्कावाला दहाच रुपये घेईल, अर्थात त्याच्या दरपत्रकात ‘किमान’ हा शब्द नसेल तर. म्हणून दरपत्रकात दोन शब्द शोधायचे: ‘यापैकी जे कमी’ आणि ‘किमान’. पहिला तुमच्या बाजूचा, दुसरा त्याच्या. महिन्याला हजार-दोन हजारांची खरेदी करणाऱ्याचं सगळं गणित या दोन शब्दांवर फिरतं. डीपी चार्जचंही तसंच. तो शेअरच्या संख्येवर नसतो, एका कंपनीचे शेअर एका दिवशी विकले की एकदा लागतो. दीडशे रुपयांचा एकच शेअर विकला तर पंधरा रुपये, म्हणजे दहा टक्के तिथेच गेले. थोडे थोडे करून रोज विकण्यापेक्षा एकदाच विकलेलं बरं.

मग शून्य दलाली घेणारा जगतो कसा? हा प्रश्न ज्याला पडतो तो पुढे फारसा फसत नाही. तो इंट्राडे आणि ऑप्शन्सवर कमावतो. खातं उघडण्याचं शुल्क, वार्षिक देखभाल, डीपी चार्जमधला त्याचा वाटा, फोनवरून ऑर्डर टाकली तर वेगळे पैसे, इंट्राडेचा सौदा वेळेत बंद केला नाही आणि त्यांनी केला तर त्याचे वेगळे. आणि सगळ्यात गुबगुबीत कमाई व्याजाची.

एमटीएफ नावाची सोय असते. शेअरच्या किमतीतला काही भाग तुम्ही भरायचा, उरलेला ब्रोकर भरतो आणि त्यावर रोजचं व्याज लावतो. जाहिरातीत ‘लाखाला दिवसाचे फक्त चाळीस रुपये’ असं काहीतरी दिसेल. चाळीस गुणिले तीनशे पासष्ट करा: वर्षाला १४,६००, म्हणजे १४.६ टक्के. सोनं तारण ठेवून बँकेत याहून स्वस्त कर्ज मिळतं. शिवाय ऑर्डरच्या पडद्यावर ‘डिलिव्हरी’, ‘इंट्राडे’ आणि ‘एमटीएफ’ ही बटणं शेजारी शेजारी असतात. माझ्या एका मित्राने चार महिने एमटीएफमध्ये शेअर धरून ठेवले होते आणि त्याची समजूत होती की ॲपने त्याला ‘सूट’ दिली आहे. ऑर्डर पक्की करण्यापूर्वी कोणतं बटण निळं झालंय ते बघा, एवढीच सवय लावा.

पूर्ण सेवावाल्याची कमाई वेगळीकडे असते. त्याचा मॅनेजर विमा, पोर्टफोलिओ योजना आणि रेग्युलर प्लॅनचे म्युच्युअल फंड विकतो, ज्यात तुम्ही गुंतवणूक ठेवाल तोवर दरवर्षी कमिशन सुटत राहतं. असं कमिशन नसलेले डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून उपलब्ध आहेत. तुमचा ब्रोकर ते देतो की नाही, हे खातं उघडण्याआधीच विचारा. उत्तर देताना तो किती घुटमळतो तेही बघा.

हे सगळं सांगून मी डिस्काउंट ब्रोकरचीच पालखी उचलतोय असं नाही. माझ्या आईवडिलांसाठी निवडायचं झालं तर मी अजूनही गावात माणूस बसलेला ब्रोकरच बघेन. मोबाइल बदलला, ओटीपी येत नाही, सही जुळत नाही, नॉमिनीचं नाव लावायचंय, अशा वेळी चॅटमधला यंत्रमानव काही कामाचा नाही. त्या माणसाचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. फक्त तो पगार दलालीतून घेतो हे लक्षात ठेवून त्याचा फोन ऐकायचा.

तिसरी पायरी: नोंदणी तपासा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून नको

सेबीच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे. नाव टाका, नोंदणी क्रमांक जुळवा. ब्रोकरचा क्रमांक ‘आयएनझेड’ने सुरू होतो. टिपा देणाऱ्याचा, म्हणजे संशोधन विश्लेषकाचा, ‘आयएनएच’ने. गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने. एखादा माणूस टिपा देतो आणि क्रमांक मात्र ब्रोकरचा दाखवतो, तर दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

गावातला एजंट असेल तर त्याला आता ‘अधिकृत व्यक्ती’ म्हणतात. ‘सब-ब्रोकर’ हा प्रकार सेबीने २०१९ मध्ये बंद केला, बोलण्यात शब्द राहिला आहे. त्याचं नाव एक्स्चेंजच्या यादीत असतं, तेही तपासा. त्याच्या नावाने चेक लिहायचा नाही, त्याच्या नंबरवर गूगल पे करायचं नाही, रोख तर नाहीच. पैसे जातात तुमच्याच बँक खात्यातून आणि थेट ब्रोकर कंपनीच्या खात्यात. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांच्या यूपीआय पत्त्यांत ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात वर केलेल्या अंगठ्याची खूण दिसते. ‘सेबी चेक’ या सुविधेत बँक खातं किंवा यूपीआय पत्ता टाकून तो खरोखर त्या ब्रोकरचा आहे का, हेही बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

सध्याची मोठी फसवणूक व्हॉट्सॲपवरून येते. ग्रुपमध्ये कुणीतरी ‘सर’ असतात, सगळे सभासद त्यांचे आभार मानत असतात, मग एक लिंक येते आणि नामांकित ब्रोकरच्या नावाचं, त्याच रंगाचं ॲप डाउनलोड होतं. पडद्यावर नफा दिसतो. काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतात. नफ्यावरचा आयकर ब्रोकरच्या खात्यात आगाऊ भरण्याची पद्धत भारतात कुठेही नाही. ॲप फक्त अधिकृत प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून, आणि तेही ब्रोकरच्या वेबसाइटवरच्या दुव्यावरून.

दुसरा जुना रोग डब्बा. एक्स्चेंजवर सौदा टाकायचाच नाही, आपसात वहीत लिहून फरकाचे पैसे रोखीने द्यायचे-घ्यायचे. एसटीटी नाही, दलाली नाही, म्हणून लोकांना गोड लागतो. नागपुरात २०१६ मध्ये पोलिसांनी अशा डब्ब्यांवर छापे घातले होते. हा बेकायदा सट्टा आहे आणि यात जिंकलात तरी पैसे मिळतीलच याची हमी नाही. तक्रार करायला जाणार कुठे?

‘महिना इतके टक्के नक्की’ असं कुणीही म्हटलं, अगदी नोंदणी असलेल्यानेही, तर तिथेच उठायचं. हमखास परतावा सांगायला नियमातच बंदी आहे.

चौथी पायरी: तक्रारी किती, ॲप कसं

ही पायरी छोटी. एक्स्चेंज आपल्या वेबसाइटवर कोणत्या ब्रोकरविरुद्ध किती तक्रारी आल्या ते जाहीर करतं. नुसती संख्या बघू नका, मोठ्या ब्रोकरच्या तक्रारी जास्त असणारच. ग्राहकसंख्येच्या प्रमाणात बघा. ॲपला किती तारे मिळालेत यापेक्षा एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. ‘सकाळी सव्वानऊला लॉगिन होत नाही’ हे वाक्य वारंवार दिसलं तर रोज सौदे करणाऱ्याने तिथे जाऊ नये. वर्षाला दहा सौदे करणाऱ्याला त्याने फारसं बिघडत नाही. ‘पैसे परत यायला दिवस लागतात’ हे वाक्य दिसलं तर मात्र कुणीच जाऊ नये.

खातं उघडण्याआधी त्यांच्या मदत क्रमांकावर एकदा फोन करून बघा. मराठीत बोला. किती वेळाने माणूस येतो आणि तो आपली भाषा समजतो का, हे कळायला एवढं पुरे.

पाचवी पायरी: खातं उघडताना कशावर सही करतोय?

पॅन, आधारशी जोडलेला मोबाइल, बँक खातं, सहीचा फोटो आणि एक सेल्फी एवढ्यावर आज खातं उघडतं. सोपं झालंय म्हणूनच घाईत होतं. चार ठिकाणी थांबा.

पहिलं ठिकाण, डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढण्यासारख्या ठरावीक कामांपुरता ब्रोकरला दिलेला अधिकार. पूर्वी ब्रोकर सरसकट मुखत्यारपत्र घ्यायचे. माझ्या त्या फुल्यांत एक नक्की त्याचीच असणार. हैदराबादच्या कार्वी या मोठ्या ब्रोकरने अशा मुखत्यारपत्रांच्या जोरावर ग्राहकांचे शेअर आपल्या खात्यात वळवून तारण ठेवले आणि दोन हजार कोटींहून अधिक कर्ज उचललं. सेबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कारवाई केली, पुढे २०२३ मध्ये नोंदणीच रद्द केली. त्या प्रकरणानंतर नियम घट्ट झाले. २०२० पासून शेअर तारण ठेवायचे तर ते तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात आणि त्यासाठी तुमचा ओटीपी लागतो. २०२२ मध्ये मुखत्यारपत्राच्या जागी डीडीपीआय हा मर्यादित अधिकार आला. २०२५ पासून तर घेतलेले शेअर क्लिअरिंग कॉर्पोरेशन थेट तुमच्या डीमॅटमध्ये टाकते, मध्ये ब्रोकरच्या खात्यात त्यांचा मुक्कामच नाही. डीडीपीआय ऐच्छिक आहे. दिलं नाही तर प्रत्येक विक्रीला पिन आणि ओटीपी टाकावा लागतो. कधीमधी विकणाऱ्याने तो त्रास खुशाल घ्यावा.

दुसरं, मोबाइल आणि ईमेल. दोन्ही तुमचेच हवेत. एजंट म्हणेल, ‘माझा टाकतो, मेसेज मी बघतो.’ नाही म्हणजे नाही. त्या नंबरवर एक्स्चेंज आणि डिपॉझिटरी दोघांचे मेसेज येतात, आणि गैरप्रकार कळायचा तो तिथूनच.

तिसरं, बीएसडीए. कमी रकमेच्या गुंतवणूकदारासाठी हे मूलभूत डीमॅट खातं आहे. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या शेअर्सना वार्षिक शुल्क शून्य, चार ते दहा लाखांपर्यंत शंभर रुपये. अट एवढीच की तुमचं सगळ्या ब्रोकरांकडे मिळून एकच डीमॅट हवं. ‘ऑफरमध्ये फुकट’ म्हणून तीन ॲपवर तीन खाती उघडणारे ही सवलत गमावतात, आणि दुसऱ्या वर्षापासून तीन ठिकाणी शुल्क भरतात.

चौथं, नॉमिनी, म्हणजे आपल्या माघारी शेअर ज्याच्या हाती सोपवायचे त्याचं नाव. ‘नंतर करू’ हा पर्याय ॲपमध्ये असतो, आणि नंतर कुणी करत नाही. आजच लावा.

आणखी एक. शिल्लक पैसे महिन्याला परत हवेत की तिमाहीला, असं विचारतात. महिना निवडा. न वापरलेले पैसे ठरलेल्या दिवशी आपोआप बँकेत परत येतात, आणि त्या दिवशी ‘माझं खातं रिकामं कसं झालं?’ म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

परदेशातल्या मंडळींसाठी एवढंच: दुबईला किंवा न्यू जर्सीला स्थायिक झाल्यावर इथलं जुनं निवासी खातं तसंच चालवत राहणं नियमात बसत नाही. अनिवासी म्हणून वेगळं खातं आणि एनआरई किंवा एनआरओ बँक खातं लागतं. सगळे ब्रोकर ते देत नाहीत, आणि त्यांचे दर निवासींपेक्षा बरेच वर असतात. सुट्टीत घरी आल्यावर या कामाला दोन दिवस राखून ठेवा.

सहावी पायरी: आधी थोड्या पैशांनी तपासून घ्या

खातं सुरू झालं की लगेच लाख रुपये टाकू नका. दोन हजार टाका. एखाद्या मोठ्या कंपनीचा एक शेअर डिलिव्हरीत घ्या. भारतात जानेवारी २०२३ पासून सौद्यानंतरच्या लगेचच्या कामकाजाच्या दिवशी हिशेब पुरा होतो, म्हणजे सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी डीमॅटमध्ये दिसायला हवा. तो ब्रोकरच्या ॲपवर नव्हे, डिपॉझिटरीच्या स्वतःच्या सेवेत जाऊन बघा. सीडीएसएलची ‘ईझी’ आहे, एनएसडीएलचीही तशी सोय आहे, दोन्हीकडे नोंदणी फुकट. तिथे दिसला तर तो खरा तुमचा.

मग काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, उघडा. सौद्यानंतर चोवीस तासांत ती ईमेलवर यायला हवी. पासवर्ड बहुधा पॅन क्रमांक. त्यात दलाली, एसटीटी, मुद्रांक शुल्क, जीएसटी असं सगळं वेगवेगळं असतं. वर केला तसा हिशेब स्वतः करा आणि जुळवा. जुळला नाही तर फोन करून विचारा. पहिल्याच आठवड्यात विचारलेला प्रश्न पुढचे बरेच प्रश्न वाचवतो.

आठवड्याने तो शेअर विका आणि पैसे बँकेत मागवा. किती दिवसांत आले, किती कापले, मधे कुणी फोन करून ‘काढू नका’ म्हटलं का, ते टिपून ठेवा. या एवढ्या खटाटोपाला शंभर रुपयेही खर्च येत नाही, अर्थात तो शेअर मध्येच गडगडला नाही तर.

काही बिनसलं तर

एक्स्चेंजचा मेसेज आला आणि तो सौदा तुम्ही केलेलाच नाही, तर त्याच दिवशी ब्रोकरला ईमेल करा. फोन नव्हे, ईमेल. लेखी राहतं. उत्तर पटलं नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवर तक्रार नोंदवा, ब्रोकरला २१ दिवसांत काय केलं ते कळवावं लागतं. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची, हे ध्यानात ठेवा. तिथेही समाधान झालं नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’ या ऑनलाइन व्यवस्थेत आधी समेट आणि मग लवाद असा मार्ग आहे. चौकशीसाठी सेबीचा टोल फ्री क्रमांक १८०० २६६ ७५७५. ‘ब्रोकरने दिलेल्या टिपेत तोटा झाला’ ही तक्रार सहसा टिकत नाही, कारण ऑर्डर तुम्ही दिलेली असते. ‘न विचारता सौदे केले’ ही टिकते, आणि तेव्हा ‘हो, करा’ असं तुम्ही फोनवर म्हणालात का, हे रेकॉर्डिंगमध्ये तपासलं जातं. माझ्या त्या दीड वर्षातल्या सगळ्या सौद्यांना मी हो म्हटलं होतं, त्यामुळे मला तक्रारीला जागाच नव्हती.

ब्रोकर बदलणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. नव्याकडे त्याच नावाने, त्याच पॅनवर खातं उघडायचं आणि जुन्याकडे ‘खातं बंद करून शेअर हस्तांतर’ असा अर्ज द्यायचा. सगळे शेअर स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात जात असतील तर हस्तांतराचं शुल्क लागत नाही, आणि ही विक्री नसल्याने भांडवली नफ्यावरचा करही नाही. जुन्याची बाकी रक्कम मात्र आधी चुकती करावी लागते, वार्षिक शुल्काचे थकलेले ऐंशी-नव्वद रुपये असले तरी अर्ज अडतो. तारण ठेवलेले शेअर आधी सोडवून घ्या.

अर्ज देण्याआधी जुन्या ॲपवरून लेजर (पैशांच्या जमा-खर्चाची नोंद), सगळ्या काँट्रॅक्ट नोट आणि भांडवली नफ्याचे वर्षवार तक्ते डाउनलोड करून ठेवा. खातं बंद झालं की लॉगिनही बंद होतं, आणि नव्या ब्रोकरकडे गेलेल्या शेअर्ससमोर खरेदीची किंमत बऱ्याचदा शून्य किंवा रिकामी दिसते. ती तारखेसकट हाताने भरावी लागते, नाहीतर पुढे विवरणपत्राच्या वेळी सगळी रक्कमच नफा म्हणून धरली जाते. मला एका शेअरची खरेदी किंमत शोधायला माडीवरच्या त्या ऑफिसात दोन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या.